स्वयंचलित डिप्लॉयमेंटमधील दोषशोधन

रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कोड पुश झाला (पाठवला गेला) की साइट चालवणारा होस्टिंग प्लॅटफॉर्म तो आपणहून उचलतो, बिल्ड करतो (चालवण्याजोगे रूप देतो) आणि चालू आवृत्तीच्या जागी बसवतो. या व्यवस्थेला स्वयंचलित डिप्लॉयमेंट म्हणतात. हे काम अर्ध्यात अडले, तर ते नेमके कुठे अडले याचा माग काढणे म्हणजे तिचे दोषशोधन. कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट २००५ मध्ये आले. २००७ मध्ये स्थापन झालेल्या हेरोकू या होस्टिंग प्लॅटफॉर्मने पुढे ‘गिट पुश’ हाच डिप्लॉयचा आदेश करून टाकला. नेटलिफाय, व्हर्सेल, रेंडर यांच्यामुळे ही पद्धत एकट्यादुकट्या डेव्हलपरच्याही रोजच्या वापरातली झाली.

दोष शोधणे अवघड जाते, कारण खुणा विखुरलेल्या असतात. पुशची नोंद रिपॉझिटरीत, बिल्डचा लॉग (कामाची नोंद) प्लॅटफॉर्मवर आणि जुने पान कॅशेत (तात्पुरत्या साठवणीत). म्हणून ‘एरर काय आली?’ याच्या आधी ‘हा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, शेवटचा कुठे दिसला?’ हे विचारावे. कमिटच्या हॅशची (ओळखक्रमांकाची) पहिली सात अक्षरे घेऊन ती रिपॉझिटरी, डिप्लॉयची यादी आणि चालू साइट अशी क्रमाने पडताळली, तर शोधाचा मोठा भाग तिथेच संपतो.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे डिप्लॉय सुरूच न होणे, कारण त्याचा लॉगच नसतो. पहिला संशय ब्रँचवर, म्हणजे कोडच्या शाखेवर, घ्यावा. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहब या रिपॉझिटरी सांभाळणाऱ्या सेवेवरील नव्या रिपॉझिटरीची मूळ ब्रँच ‘मास्टर’ऐवजी ‘मेन’ झाली. प्लॅटफॉर्म जुन्या नावाकडे डोळे लावून बसला असेल, तर पुश कितीही केले तरी काही हलत नाही. त्यानंतर वेबहुक पाहावा. पुश झाल्याचा निरोप प्लॅटफॉर्मला एका एचटीटीपी विनंतीने जातो. १० सेकंदांत उत्तर आले नाही, तर गिटहब तो निरोप अयशस्वी धरते आणि स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. वेबहुकच्या सेटिंगमध्ये अलीकडच्या निरोपांची यादी असते, तिथे प्रत्येकाचे उत्तर वाचता येते आणि निरोप हाताने पुन्हा धाडता येतो. ही यादी न उघडता सेटिंग बदलत बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे. निरोप खरा आहे हे ओळखण्यासाठी सही जुळवण्याचा गुप्त शब्द एका बाजूला बदलून दुसऱ्या बाजूला तसाच राहिला, तर निरोप पोचतो पण नाकारला जातो. रिपॉझिटरी दुसऱ्या खात्याकडे हलवल्यावर प्लॅटफॉर्मची परवानगी मागेच राहून जाते, हेही नेहमीचे.

दोन गोष्टी मात्र बिघाड नसून मुद्दाम ठेवलेले नियम आहेत. गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्याच स्वयंचलन सेवेतील वर्कफ्लोने (ठरवून दिलेल्या कामांच्या मालिकेने) स्वतःच्या अंगभूत टोकनने (प्रवेशाच्या परवान्याने) केलेला पुश दुसरा वर्कफ्लो सुरू करत नाही. तसे नसते तर अंतहीन चक्र लागले असते. कमिटच्या संदेशात चौकटी कंसात ‘स्किप सीआय’ असेल, तरीही काम वगळले जाते.

कोड खाली उतरवताना अडले, तर कारण बहुधा किल्लीचे किंवा टोकनचे असते. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए एसएसएच होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली, बदलली, तेव्हा जुनी की नोंदवून ठेवलेल्या पाइपलाइन्स (डिप्लॉयच्या साखळ्या) काहीही न बदलता थांबल्या.

‘माझ्या मशीनवर तर चालते’ हे वाक्य बिल्डच्या टप्प्यावर ऐकू येते आणि ते बहुतेकदा खरे असते. विंडोज आणि मॅक सहसा फाइलच्या नावातील मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाहीत. बिल्ड सर्व्हरवरचे लिनक्स करते. त्यामुळे एका अक्षराच्या फरकाने फाइल ‘सापडत नाही’. लॉकफाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) आणि पॅकेजची यादी जुळत नसेल, तर ‘एनपीएम सीआय’ (पॅकेज बसवण्याचा आदेश) तिथेच थांबते, आणि ते थांबते हे बरेच आहे. नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) आवृत्ती ठरवून दिलेली नसेल, तर प्लॅटफॉर्मने आपली बदलली की बिल्ड मोडू शकतो. लॉग वाचताना शेवटची ओळ नव्हे, पहिली एरर धरावी. पुढच्या एरर पुष्कळदा तिच्याच पोटातून आलेल्या असतात. प्रक्रिया संपताना मिळणारा एक्झिट कोड १३७ दिसला, तर प्रक्रिया बाहेरून मारली गेली आहे, आणि बहुतेक वेळा मेमरी कमी पडलेली असते.

बिल्ड हिरवा झाला तरी साइट चालेलच असे नाही. सर्व्हरने प्लॅटफॉर्मने दिलेला पोर्ट (जोडणीचा क्रमांक) घ्यावा आणि १२७.०.०.१ (फक्त त्याच मशीनचा पत्ता) ऐवजी ०.०.०.० (मशीनचे सगळे पत्ते) वर ऐकावे. नाहीतर तो सुरू असूनही बाहेरून दिसत नाही. हेरोकू वेब प्रक्रियेला पोर्ट धरण्यासाठी ६० सेकंद देते. फ्रंटएंडमधील (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागातील) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे कोडबाहेर ठेवलेली सेटिंग, सहसा बिल्डच्या वेळीच कोडमध्ये गोठतात, म्हणून त्यांचे मूल्य बदलल्यावर पुन्हा बिल्ड करावाच लागतो. स्थिर साइट कोरी दिसली, तर प्रकाशनाचा फोल्डर चुकीचा दिला आहे का, ते आधी बघावे.

चालू साइट मोडली असेल, तर आधी मागच्या आवृत्तीवर परतावे आणि मग कारण शोधावे. वापरणाऱ्यांना ताटकळत ठेवून केलेला तपास घाईत चुकतो. एक रिकामा कमिट ट्रिगर (पुशने डिप्लॉय सुरू होतो का हे) तपासायला उपयोगी पडतो, पण एकामागून एक दहा कमिट केल्यास कोणत्या बदलाने काय झाले हेच कळेनासे होते. मागे परतण्यापूर्वी डेटाबेसचे मायग्रेशन (रचनेतील बदल) झाले होते का, हे जरूर पाहावे: रोलबॅकने कोड मागे जातो, टेबलांची बदललेली रचना जात नाही, आणि काढून टाकलेला कॉलम जुना कोड तिथे शोधत राहतो.