मिठावर पोसलेली हिरवळ

मुंबईत गोराई-मनोरीकडे खाडीकाठची तिवरं विरळ होतात आणि खाजणाचा उघडा चिखल सुरू होतो, तिथे जमिनीला चिकटून पसरलेली एक वनस्पती हमखास भेटते. तांबूस खोडं, समोरासमोर आलेली जाड तकतकीत पानं, आणि उन्हं चढली की काही तासांपुरती उघडणारी गुलाबी फुलं. पाहणारा तिला घोळीची भाजी समजतो. पण घोळीची फुलं पिवळी असतात. हिच्या फुलात तर खरी पाकळीच नसते. गुलाबी दिसतात ती आतून रंगलेली, बाहेरून हिरवी अशी पाच दलं. शास्त्रीय नाव सेसुव्हियम पोर्टुलाकॅस्ट्रम. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हे नाव १७५९ मध्ये दिलं आणि उष्ण कटिबंधातल्या बहुतेक किनाऱ्यांवर ती आढळते. दुष्काळ सोसणारी ही वनस्पती मुंबईच्या गॅलरीत लावायलाही चांगली.

चिखलात वाढणाऱ्या झाडाला दुष्काळ सोसणारं म्हणायचं, हे विचित्र वाटेल. पण मुळांच्या बाजूने पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते पाण्याला धरून ठेवतात. असं पाणी आत ओढून घ्यायला मुळांना वातावरणाच्या दाबाच्या पंचवीसेक पट जोर लावावा लागतो. भोवती पाणी असूनही साधं रोप तिथे तहानेने मरतं. खारी जमीन आणि कोरडी जमीन, दोन्हीकडे मुळांपुढची अडचण एकच, म्हणून एकीत तगणारं झाड दुसरीतही बहुधा तगतं.

शेजारची तिवरं यातून वेगळ्या वाटेने सुटतात. आत आलेलं बरंचसं मीठ ती पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. पान चाटून पाहिलं तर कळतं. सेसुव्हियमकडे अशा ग्रंथी नाहीत. ती मीठ आत घेते आणि ठेवून देते. पानातल्या प्रत्येक पेशीत पाण्याने भरलेली मोठी पोकळी असते, तिला रिक्तिका म्हणतात. घरातली अडगळ माळ्यावर चढवावी तसं सोडियम तिथे ढकललं जातं. पेशीची नाजूक कामं चालतात त्या भागात मीठ फारसं येत नाही. तिथला समतोल प्रोलीनसारखी निरुपद्रवी सेंद्रिय द्रव्यं सांभाळतात. माळ्यावरच्या त्या मिठाचा उपयोगही होतो, कारण त्याच्याच ओढीने बाहेरचं पाणी आत येतं आणि पान फुगलेलं राहतं. म्हणूनच थोड्या खारट मातीत ती गोड्या मातीपेक्षा जोमाने वाढते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही तिच्या या क्षारसहनशीलतेचा अभ्यास केला आहे. तमिळनाडूतल्या एका प्रयोगावरून काढलेला अंदाज असा, की एक हेक्टरवरची ही वनस्पती चार महिन्यांत जमिनीतलं सुमारे ४७४ किलो मीठ उचलते. अर्थात, झाडं कापून बाहेर नेली तरच. तिथेच कुजू दिली तर मीठ पुन्हा मातीत.

मुंबईच्या गॅलरीत सक्युलंट, म्हणजे जाड पानांत-खोडात पाणी साठवणारी झाडं, मरतात ते बहुधा उन्हाळ्यात नाही, जुलैत. चार महिन्यांत दोन मीटरच्या वर पाऊस, मग आठ महिने जवळपास कोरडे. वाळवंटातून आलेल्या झाडांना दुसरा भाग झेपतो, पहिल्यात त्यांची मुळं कुजतात. सेसुव्हियम भरतीच्या पाण्यात उभं राहायला सरावलेली आहे, त्यामुळे तिला दोन्ही चालतं. वर्सोवा-वरळीला समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीवर खारा वारा इतर झाडांची पानं करपवतो, तिथे तर मला हिच्याइतकं योग्य दुसरं झाड सुचत नाही.

लावणं अगदी सोपं. दोन-तीन पेरं असलेली काडी घ्यावी, खालची पानं काढावीत आणि एक पेर मातीत जाईल अशी खोचावी. पेरापेरातून मुळं फुटतात. मातीत निम्मी रेती चालते, खताचे लाड नकोत. ऊन मात्र भरपूर हवं. सावलीत ती लांबट, विरळ होते आणि फुलत नाही. मीठ आवडतं म्हणून कुंडीत मिठाचं पाणी घालू नका. साध्या पाण्यावर ती छान जगते, उलट झिरपलेलं मीठ गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या गंजवतं, आणि सोसायटीच्या सभेत मग झाडाचाच विषय निघतो. काड्या कोणाच्या तरी कुंडीतून घ्या, तिवरांतून उपटू नका. महाराष्ट्रात कांदळवनं, म्हणजे तिवरांसारख्या खाडीकाठच्या झाडांची जंगलं, तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पूर्ण बंदी घातली आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही त्यात येतो.

पानं खाता येतात. फिलिपिन्समध्ये त्यांचं लोणचं घालतात. चव खारट, किंचित आंबट. उकळत्या पाण्यातून काढून ते पाणी ओतून दिलं की खारटपणा आणि ऑक्झलेट (मूतखड्याला हातभार लावणारं द्रव्य) दोन्ही कमी होतात. मग घोळीसारखी डाळ घालून भाजी करावी. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळलेलीच बरी. आणि ठाणे खाडी किंवा माहुलच्या दूषित काठची तर कोणीच खाऊ नये, कारण सोडियमबरोबर ही वनस्पती शिसं आणि कॅडमियमही मातीतून उचलते. दूषित जमिनी साफ करायला तिचा विचार होतो तो याचसाठी. भाजी करायची तर घरच्या कुंडीतलीच.