लस टोचली म्हणजे टायटर झाली असं नाही

"रेबीजची लस दरवर्षी वेळेवर दिलीय, मग टायटर टेस्ट कशाला?" पुण्यातून जर्मनीला निघालेल्या प्रत्येक श्वानपालकाच्या तोंडी हेच ऐकून मी थकलोय.

लसीचं पुस्तक तुमच्या घरात आहेच. बाटलीवरचा स्टिकर, तारीख, सही-शिक्का. तो पुरावा लस दिल्याचा. टायटर टेस्ट सांगते की ती अंगी लागली का. कुत्र्याचं रक्त घेऊन त्यातली रेबीजविरोधी प्रतिपिंडं मोजतात; मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरावी लागतात, तीही युरोपीय संघाने मान्य केलेल्या लॅबमध्येच. रेबीजच्या बाबतीत भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही, म्हणून ही टेस्ट टळत नाही.

खरा घोळ तारखांचा. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळख क्रमांकाची चिप, मग लस. चिपच्या आधीची लस धरतच नाहीत. लसीनंतर निदान ३० दिवस थांबून रक्त द्यायचं. त्यानंतर ३ महिने, आणि ते मोजायचे रक्त काढल्याच्या दिवसापासून. रिपोर्ट कधी हातात आला याला इथे काही किंमत नाही. लस १० जानेवारीला, रक्त १० फेब्रुवारीला, तर १० मेच्या आधी युरोपात प्रवेश नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात तिकिटं आधी काढली, टायटर नंतर आठवली. माणसं गेली, लॅब्रेडोर आजीपाशी राहिला. रोज संध्याकाळी तो लिफ्टच्या दाराशी जाऊन बसायचा. हे बघवत नाही हो.

"रिपोर्ट वर्षभरच चालतो" हेही युरोपपुरतं चूक. बूस्टर, म्हणजे लसीचा पुढचा डोस, कधीच चुकला नाही तर एकच रिपोर्ट जन्मभर पुरतो. एक दिवस जरी उलटला तरी लसीपासून पुन्हा सगळं. म्हणून मी बूस्टर मुदतीच्या पंधरा दिवस आधीच देतो.

बाकीचे कागद सोपे. विमान कंपनीला लागणारं फिटनेस सर्टिफिकेट तुमचे नेहमीचे डॉक्टर देतील. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र मात्र सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचंच, आणि प्रवेशाच्या आधी १० दिवसांच्या आतलं.

रक्त काढण्याआधी डॉक्टरांना चिप स्कॅन करायला सांगा. चिपच्या क्रमांकाचे पंधरा आकडे स्वतः मोठ्याने वाचा आणि लॅबच्या फॉर्मवरच्या आकड्यांशी ताडून पाहा, एकेक करून.