लेओबेनची एटी अँड एस : सर्किट बोर्डापासून चिपच्या सबस्ट्रेटपर्यंत

ऑस्ट्रियातील लेओबेन येथे मुख्यालय असलेल्या एटी अँड एस या सर्किट बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये सुमारे एक हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी दक्षिण कोरियातील आन्सान येथील आपला कारखाना सुमारे ४० कोटी युरोंना विकण्याचा करारही तिने केला. या दोन घडामोडींची चर्चा बहुतेक ठिकाणी बाजारातील मंदीच्या अंगाने झाली. मंदी खरीच होती, परंतु कंपनी या वळणावर कशी आली हे समजण्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या एका निर्णयाकडे पाहावे लागते. त्या निर्णयावर कंपनीच्या भागधारकांत आणि या व्यवसायाच्या अभ्यासकांत आजही एकमत नाही.

आरंभीचा इतिहास थोडक्यात असा. लेओबेन हे स्टायरिया प्रांतातील पोलादाचे आणि खाणविद्येचे गाव आहे. रुरकेलाच्या पोलाद कारखान्यामुळे आपल्याकडेही परिचित झालेल्या, पोलाद बनवण्याच्या एलडी पद्धतीतील ‘डी’ हे अक्षर ज्या डोनावित्सवरून आले, ते याच गावाचा भाग आहे. १९७०च्या दशकाअखेरीस या पट्ट्यातील कोळसा आणि पोलाद हे दोन्ही उद्योग अडचणीत आले. जवळच्या फोन्सडोर्फची कोळसा खाण १९७८ मध्ये बंद झाली. बेरोजगार होणाऱ्या हातांना काम मिळावे म्हणून सरकारी मालकीच्या उद्योगसमूहाने इलेक्ट्रॉनिक्सकडे मोर्चा वळवला. पुढे १९८५ मध्ये हा समूहच तेलाच्या सट्ट्यातील तोट्याने हादरला आणि त्याच्या फेररचनेतून, स्टायरियात विखुरलेले सर्किट बोर्डांचे कारखाने एकत्र करून, १९८७ मध्ये ही कंपनी उभी राहिली. १९९४ मध्ये सरकारने ती तिघा खासगी गुंतवणूकदारांना विकली. त्यांतील एक जण देशाचा माजी अर्थमंत्री होता, त्यामुळे त्या व्यवहाराची चर्चा ऑस्ट्रियात दीर्घकाळ होत राहिली. कंपनीच्या वाटचालीच्या दृष्टीने मात्र त्या विक्रीचे महत्त्व जेवढे सांगितले जाते तेवढे नाही असे मला वाटते. तिला खरा वेग दिला तो मोबाइल फोनने.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात फोन खिशात मावण्याइतके लहान होऊ लागले आणि आतल्या बोर्डाला कमी जागेत जास्त जोडण्या सामावून घेणे भाग पडले. यांत्रिक ड्रिलने पाडलेले भोक एका मर्यादेखाली बारीक करता येत नाही. लेझरने पाडलेले भोक मात्र सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाचे असू शकते आणि ते बोर्डाच्या आरपार न जाता फक्त वरच्या थराला त्याखालच्या थराशी जोडते. असे थर एकावर एक चढवत बांधलेल्या बोर्डाला एचडीआय म्हणतात. या कामात लेओबेनच्या अभियंत्यांनी लवकर हात बसवला. १९९९ मध्ये कंपनीची फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात नोंदणी झाली (२००८ मध्ये ती व्हिएन्नाला हलवली गेली). त्याच वर्षी तिने म्हैसूरजवळच्या नंजनगुड येथील बोर्डांचा कारखाना विकत घेतला. बेळगाव, कळवा आणि तळोजा येथील कारखान्यांमुळे मराठी वाचकांना ठाऊक असलेल्या ॲल्युमिनियम कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा तो कारखाना होता. नंजनगुडला वाहने आणि औद्योगिक यंत्रांसाठीचे बोर्ड बनत राहिले. फोनचे मोठे काम २००२ पासून शांघायला गेले, कारण फोनची जुळणीच तिकडे सरकली होती. आन्सानचा लवचिक बोर्डांचा कारखाना २००६ मध्ये आला.

या सगळ्या काळात युरोपातील बोर्ड उद्योग झपाट्याने आकसत होता. एकेकाळी तिथे शेकडो कारखाने होते. आज जगातील बोर्ड उत्पादनात युरोपचा वाटा जेमतेम दोन-तीन टक्के उरला आहे. टिकले ते बहुतेक संरक्षण, वैद्यकीय उपकरणे किंवा लहान संख्येच्या खास कामांवर टिकले. एटी अँड एसने तो मार्ग धरला नाही, आणि वादाचा निर्णय येथूनच सुरू होतो.

चीनमधील छोंगछिंग येथे कंपनीने २०११ मध्ये नव्या कारखान्याचे काम हाती घेतले. तो नेहमीच्या बोर्डांसाठी असेल अशी सर्वांची अपेक्षा होती. २०१३ मध्ये कंपनीने सांगितले की तिथे आता सबस्ट्रेट बनतील. दोन्ही वस्तूंची नावे बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी येतात, म्हणून त्यांतील फरक येथे नीट सांगितला पाहिजे. सर्किट बोर्डावर तयार, वेष्टणात बसवलेली चिप सोल्डर केली जाते. सबस्ट्रेट हा त्या वेष्टणाचाच तळ असतो. उघडी सिलिकॉन चिप त्याच्यावर बसते, आणि चिपच्या पोटाखालचे हजारो सूक्ष्म बिंदू त्याच्यातून पसरत खालच्या बोर्डाला झेपतील इतक्या अंतरावर आणले जातात. दोन्हीकडे तांबे, राळ, लेझर आणि मुलामा हेच असले तरी सबस्ट्रेटवरील तांब्याच्या रेषांची रुंदी दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याखाली येते. तांब्याचा पत्रा कोरून एवढी रेष निघत नाही, कारण रसायन खाली उतरताना रेषेच्या कडाही खात जाते. म्हणून राळेच्या पातळ फिल्मवर आधी तांब्याचा अगदी विरळ थर देतात, प्रकाशाने आराखडा उमटवतात, मोकळ्या जागेतच जाड तांबे चढवतात आणि शेवटी तळचा विरळ थर काढून टाकतात. सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी हेच वीसहून अधिक थरांपर्यंत करावे लागते. एका थरातील धुळीचा कण पूर्ण नग बाद करतो, आणि तोपर्यंत त्याच्यावर आठवड्यांचे काम झालेले असते.

तेव्हा हा व्यवसाय जपान, तैवान आणि दक्षिण कोरिया यांच्या हाती होता. युरोपीय कंपनीने त्यात शिरावे, तेही अमेरिकेतील एका प्रोसेसर उत्पादकाच्या सहकार्यावर विसंबून आणि चीनच्या अंतर्भागात, याला तिघांचे तीन आक्षेप होते. बँकांच्या विश्लेषकांना खर्चाची चिंता होती आणि ती खोटी ठरली नाही. सुरुवातीचा अंदाज वाढवावा लागला, आणि २०१६ मध्ये उत्पादन सुरू झाल्यानंतरचे आर्थिक वर्ष (कंपनीचे वर्ष आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च असते) तोट्यात गेले. काही भागधारकांना ग्राहक मोजकेच असतील ही भीती होती. ऑस्ट्रियातील कामगारांच्या बाजूने विचारले जात होते की, प्रगत काम परदेशात उभे राहणार असेल तर लेओबेनच्या वाट्याला काय उरेल. हा तिसरा आक्षेप मला सर्वांत सबळ वाटतो आणि त्याला त्या वेळी पुरेसे उत्तर दिले गेले नाही. तरीही मूळ निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे. फोनच्या बोर्डांतील नफा चिनी स्पर्धकांमुळे वर्षागणिक घटत होता. तिथेच थांबलेली युरोपीय कंपनी त्या आकारात आज उभी राहिली असती असे मानायला आधार सापडत नाही.

चूक शोधायचीच असेल तर ती पुढच्या पावलात शोधावी लागेल. करोनाकाळात संगणकांची मागणी उसळली, सबस्ट्रेटचा जगभर तुटवडा पडला, आणि २०२१ मध्ये कंपनीने मलेशियातील कुलिम येथे सुमारे १.७ अब्ज युरोंचा कारखाना जाहीर केला. त्याआधीच्या आर्थिक वर्षातील तिची स्वतःची उलाढाल सुमारे १.२ अब्ज युरो होती. ग्राहकांनी आगाऊ रकमा दिल्या, उरलेला पैसा बराचसा कर्जाने उभा राहिला. त्याच सुमारास लेओबेनला संशोधनाचे आणि लहान संख्येच्या सबस्ट्रेट उत्पादनाचे केंद्र उभारण्याचे ठरले, म्हणजे कामगारांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, पण जवळजवळ दशकभराने आणि तिजोरीवर सर्वाधिक ताण असताना. २०२२–२३ मध्ये उलाढाल सुमारे १.८ अब्ज युरोंवर पोहोचली. संगणकांची मागणी ओसरताच पुढच्या वर्षी ती दीड अब्जाच्या आसपास घसरली आणि वर्ष तोट्यात बंद झाले. कुलिमची इमारत मात्र तोपर्यंत उभी झाली होती आणि तिच्या कर्जाचे व्याज मागणीसाठी थांबणार नव्हते.

१९९४ मध्ये बाहेर पडलेल्या सरकारी गुंतवणूक संस्थेने पुन्हा भागीदार व्हावे, असा प्रस्ताव २०२४ मध्ये चर्चेत आला, पण तो फळाला आला नाही. भांडवल हवे, पण आपला हिस्सा पातळ व्हायला नको, अशी जुन्या भागधारकांची अडचण होती. त्यानंतर उरलेला मार्ग आन्सानच्या विक्रीचा होता. वैद्यकीय उपकरणांसाठी लवचिक बोर्ड बनवणारा तो स्थिर नफ्याचा कारखाना सबस्ट्रेटच्या कर्जासाठी गेला. विक्रीचा व्यवहार जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण झाला, तोपर्यंत कंपनीच्या प्रमुखपदावरील व्यक्तीही बदललेली होती.

युरोपीय संघाचा चिप कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला. २०३० पर्यंत जागतिक चिप उत्पादनातील पाचवा हिस्सा युरोपात आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी जाहीर झालेला पैसा मुख्यतः सिलिकॉनच्या कारखान्यांकडे वळला. युरोपात बनलेली प्रगत चिप ज्या सबस्ट्रेटवर बसायची, तो मात्र अजूनही बहुतांशी आशियातून येतो, आणि त्यात एटी अँड एसचे स्वतःचे छोंगछिंग आणि कुलिमचे उत्पादनही धरावे लागते.