नवी फाइल कोणत्या गटात जाते?

‘परवानगी नाकारली’ असा संदेश दिसला की लिनक्सवर काम करणारे बरेच जण डोळे झाकून फाइलला किंवा फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, देऊन टाकतात. काम चालू होतं, आणि तोच तोडगा पुढच्याला सांगितला जातो. का चाललं हे न विचारता पसरणारे उपाय गंड्यादोऱ्यांच्या जातीचे असतात, संगणकावरही. ७७७ दिलेल्या फोल्डरमधली तुमची फाइल त्या यंत्रावरचा कुणीही पुसू शकतो, फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवली असली तरी. कारण पुसण्याचा हक्क फाइलवरून नाही, फोल्डरवरून ठरतो.

वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी विचारतो, हा मालक आहे का? असेल तर पहिलाच अंक बघून निकाल देतो. नसेल तर, गटात आहे का? मग फक्त दुसरा अंक. जिथे ओळख पटली तिथे चौकशी संपली. म्हणून ६०४ दिलेली फाइल गटातल्या माणसाला वाचता येत नाही आणि गटाबाहेरच्या कुणालाही येते! हे स्वतः करून बघाच.

आता पाच जणांचं सामायिक फोल्डर घ्या. पाचही जण एका गटात, फोल्डर त्याच गटाचं, तरी एकाने केलेली फाइल दुसऱ्याला बदलता येत नाही. कारण नवी फाइल सहसा करणाऱ्याच्या प्राथमिक गटात जाते, आणि बऱ्याच लिनक्सवर त्या गटात तो एकटाच असतो. इथे सेटजीआयडी हा बिट कामाला येतो. फोल्डरला ७७० ऐवजी २७७० द्या. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल फोल्डरचा गट घेते, आणि आतल्या नव्या फोल्डरांना हा बिटसुद्धा मिळतो. एका बिटात केवढं काम! याचाच भाऊ सेटयूआयडी, जो प्रोग्राम कुणीही चालवला तरी त्याला मालकाचे हक्क देतो. त्याचं पेटंट युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांना १९७९ साली मिळालं.

तरी अडलं तर यूमास्क बघा, म्हणजे नव्या फाइलमधून कोणते हक्क काढायचे ते सांगणारा आकडा. तो ०२२ असेल तर ६६६ मधून गटाचा आणि बाकीच्यांचा लिहिण्याचा हक्क गळतो आणि फाइल ६४४ होते. ००२ ठेवला की ६६४. बाहेरून हलवून आणलेली फाइल मात्र जुनाच गट घेऊन येते, नक्कल केलेली नवा घेते.

गटात नुकतंच घेतलेल्याला लगेच प्रवेश मिळत नाही, कारण गटांची यादी लॉगिन करतानाच ठरते. नुसती ‘आयडी’ (id) ही आज्ञा लिहिली की चालू सत्राचे गट दिसतात, पुढे नाव लिहिलं की नोंदीतले. दोन्हींत फरक दिसला तर बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.