वाए रेबो

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरील मांगाराई लोकांचे डोंगरी गाव. पूर्व नुसा तेंगारा प्रांताच्या मांगाराई जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, दाट जंगलाने वेढलेल्या खोलगट सपाटीवर ते वसले आहे. सरकारी दप्तरात ही सातार लेंडा या गावाची नुसती एक वाडी. तिचे नाव मात्र जगभर झाले ते तिथल्या शंकूच्या आकाराच्या सात घरांमुळे. गाडीरस्ता गावापर्यंत जात नाही. दुर्गम म्हणून त्याचे जे कौतुक होते ते अर्धेच खरे आहे, कारण इथल्या कुटुंबांचा एक पाय डोंगराखाली आहे.

या घरांना ‘म्बारू नियांग’ म्हणतात. गवत आणि ताडजातीच्या झाडाचे काळे तंतू यांनी शाकारलेले छप्परच जमिनीपर्यंत उतरते, भिंत अशी दिसतच नाही. सांगाडा लाकडाचा आणि बांबूचा, सगळे सांधे वेताने आवळलेले, खिळा कुठेही नाही. आत एकावर एक पाच मजले असतात. सर्वांत खाली माणसे राहतात, त्यावर रोजचे धान्य व सामान, तिसऱ्यावर बियाणे, चौथ्यावर दुष्काळासाठी राखून ठेवलेला साठा आणि अगदी शेंड्याला पूर्वजांच्या नैवेद्याची जागा. पुढच्या पेरणीचे बी माणसांच्या डोक्यावर ठेवणारी ही मांडणी पाहिली की इथल्या उपासमारीच्या आठवणी किती जुन्या असतील, हे न सांगता कळते. चुली घराच्या मधोमध असतात आणि धुराला वाट म्हणून ठेवलेली नाही. पाहुण्याचे डोळे चुरचुरतात, पण त्याच धुराने छपराला कीड लागत नाही आणि वरचे धान्य टिकते. सर्वांत मोठ्या घरात गावाचे ढोल आणि घंटा टांगलेल्या असतात. त्यावरून त्याला ढोलाचे घर म्हणतात. त्याच्यासमोर ‘चोंपांग’ हा दगडी चौथरा आहे. गावकरी कॅथलिक आहेत, तरी पूर्वजांना कोंबडा देण्याचे विधी याच चौथऱ्याभोवती होतात आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

अशी घरे पूर्वी मांगाराई प्रदेशात बऱ्याच ठिकाणी होती. एका छपराखाली अनेक कुटुंबे आणि धूर कोंडलेला, म्हणून डच अमदानीत आणि पुढेही ती अनारोग्याची ठरवली गेली. हळूहळू चौकोनी, पत्र्याची घरे आली. २००८ मध्ये जकार्ताचे वास्तुविशारद योरी अंतार आपल्या सहकाऱ्यांसह वाए रेबोला पोहोचले तेव्हा सातांपैकी चारच घरे उरली होती. पुढच्या तीन वर्षांत उरलेल्यांची डागडुजी झाली आणि पडलेली पुन्हा उभी राहिली. पैसा बाहेरून आला, पण घर बांधले गावकऱ्यांनीच: म्हाताऱ्यांना माहीत होते, तरुण हाताखाली शिकले आणि वास्तुविशारदांनी ते कागदावर उतरवले. या कामाला २०१२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१३ च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या निवडक यादीतही ते होते.

रोजचे जगणे कॉफीवर चालते. तोडलेली फळे सोलून दाणे अंगणात चटयांवर वाळत घालतात. ढग उतरला की बायका-पोरे धावत येऊन चटया गोळा करतात, ऊन आले की पुन्हा पसरतात, आणि हा खेळ दिवसातून कितीदाही होतो. जंगलाच्या कडेला दालचिनी आहे, घराजवळ कंदमुळे आणि भाजी. इथे भातशेती होत नाही. तांदूळ, मीठ, साबण पाठीवरून वर येतात आणि कॉफी त्याच वाटेने खाली जाते. उदमांजर इथे कुणी खात नाही, कारण गावाच्या मूळपुरुषाच्या, म्हणजे एंपो मारोच्या कथेत त्या प्राण्याचे उपकार आहेत. हा एंपो मारो सुमात्रातील मिनांगकबाऊ मुलखातून आला असे गाव सांगते. त्याला दंतकथेपलीकडचा आधार नाही.

डोंगराखालचे कोंबो हे वाए रेबोचे दुसरे अंग. शाळेच्या वयाची मुले तिकडे राहतात. वर दिसतात ती तान्ही मुले किंवा सुटीवर आलेली. बाजार खाली, दवाखाना खाली. वरच्या घरात कुटुंबाचा हक्काचा कोनाडा असतो आणि खाली त्याच कुटुंबाचे पत्र्याचे घर. नोव्हेंबरच्या सुमारास ‘पेंती’ या नववर्षाच्या सणाला सगळे वर जमतात, ढोल उतरतात, आणि वेताचे चाबूक व कातडी ढाली घेऊन ‘चाची’ हा सामना रंगतो. गाव टिकले ते या दुहेरी संसारामुळे. सगळ्यांनी बारा महिने वरच राहायचे असा हट्ट धरला असता, तर शाळेपायीच ते कधीचे ओस पडले असते.

अशी जागा पाहिली की इथे एक तुकडा आपलाही असावा, असे प्रवाशाच्या मनात येतेच. उत्तर सरळ आहे: मिळणार नाही. ‘गेंदांग ओने, लिंगको पेआंग’, म्हणजे आत ढोलाचे घर, बाहेर शेत, अशी मांगाराई म्हण आहे. ज्या घराचा ढोल, त्याच घराची जमीन. एकाला सोडून दुसरे नाही. सामुदायिक शेतजमिनीला ‘लिंगको’ म्हणतात. तिच्या केंद्रात खुंट रोवून तिथून बाहेरच्या गोल हद्दीपर्यंत रेषा नेतात. कुणाचा वाटा किती रुंद हे केंद्रापाशी हाताच्या बोटांनी मोजून ठरते. तिथला बोटभर फरक कडेला पोहोचेपर्यंत मोठा होतो. वाटणी करणारा ‘तुआ तेनो’ हा वेगळा मानकरी, गावप्रमुख ‘तुआ गोलो’ वेगळा. ही कोळ्याच्या जाळ्यासारखी शेते पाहायची असतील तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या रुतेंगजवळच्या चांचारला टेकडीवर चढावे. तिथे त्याच आखणीत भात लावतात. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा एका नावाचा उतारा या परंपरेत नाही. कुटुंबाकडे असते ती वहिवाट.

देशाचा कायदाही परक्याला फारशी वाट देत नाही. १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याने पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, इंडोनेशियन नागरिकांपुरती ठेवली आहे. समाजाचा सामुदायिक हक्क तो मान्य करतो, पण प्रत्यक्षात अस्तित्वात असेल तोवर आणि राष्ट्रहिताला बाध येत नसेल तर. परदेशी माणसाला ‘हाक पाकाई’ हा वापराचा हक्क मिळू शकतो. २०२१ च्या नियमावलीनुसार तो ३० वर्षांचा, पुढे २० आणि ३० वर्षांनी वाढवता येणारा. त्यासाठी देशात प्रवेशाची वा वास्तव्याची रीतसर कागदपत्रे लागतात. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन खरा मालक आपण, अशी पळवाट बालीत आणि इतरत्र सर्रास सुचवली जाते. कायद्याच्या २६ व्या कलमानुसार असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. दलाल हे कलम सहसा सांगत नाहीत.

बेटाच्या पश्चिम टोकाला, लाबुआन बाजोत, चित्र वेगळे आहे. कोमोडो राष्ट्रीय उद्यानाचे हे प्रवेशद्वार. किनाऱ्यालगतच्या जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या आणि हद्दीचे, दुबार विक्रीचे तंटे वाढले. २०१८ मध्ये पर्यटन विकासासाठी खास प्राधिकरण नेमले गेले आणि बोवोसिए जंगलातील ४०० हेक्टरवरून स्थानिकांशी त्याचा संघर्ष झाला. मे २०२३ ची आसियान शिखर परिषद तिथेच भरली. वाए रेबोपर्यंत ही लाट अजून पोहोचलेली नाही. याचे श्रेय चढाला जितके, तितकेच विकायला कुणा एकाची जमीनच नसण्याला.

तिथे जायचे तर रुतेंग किंवा लाबुआन बाजोहून गाडीने डोंगराखालचे डेंगे हे गाव गाठावे. आधी मुक्काम डेंगेत करून पहाटे निघणे शहाणपणाचे. पुढे काही अंतर मोटरसायकलवरून जाता येते आणि मग दोन-तीन तासांची जंगलातली चढण. एप्रिल-मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ बरा. पावसात वाट निसरडी होते आणि जळवा पायांवर चढतात. गावाच्या वेशीपाशी एक झोपडी आहे, तिथे बांबूची टिपरी वाजवून आल्याची वर्दी द्यायची. ज्येष्ठांनी ढोलाच्या घरात पूर्वजांना निवेदन करेपर्यंत फोटो काढायचे नाहीत. झोपायला पाहुण्यांच्या घरात गोलाकार अंथरलेल्या चटया आणि जेवण सामायिक. प्रवेश व मुक्कामाची रक्कम ठरलेली असते आणि ती गावाच्या व्यवस्थेकडे जमा होते. घासाघीस करू नये. विजेचा आणि फोनच्या रेंजचा भरवसा धरू नये. गावात एटीएम नाही, त्यामुळे रोख रुपिया सोबत हवेत. भारतीय पासपोर्टधारकांना ३० दिवसांचा आगमन-व्हिसा मिळतो, तो एकदा वाढवता येतो. फक्त त्या व्हिसावर काम करता येत नाही आणि जमिनीचा कोणताही हक्क त्यातून मिळत नाही.