मिशिगन सरोवरात सामन आला कुठून?

लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट ही अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरची छोटी बंदरं. उन्हाळ्यात उजाडायच्या आत तिथून भाड्याच्या होड्या सुटतात. खोल पाणी लागलं की कप्तान वेग कमी करून ताशी चारेक किलोमीटरवर आणतो आणि होडीमागे दहा-बारा दोऱ्या सोडतो. याला ट्रोलिंग म्हणतात. यात जाळं नसतं आणि गळ टाकून बसणंही नसतं. आमिष पाण्यातून ओढत राहायचं आणि मासा त्याच्यामागे धावून येईल याची वाट बघायची. गिऱ्हाइकाला हवा असतो चिनूक सामन, तो नाही तर कोहो जातीचा सामन, तोही नाही तर लेक ट्राउट. या तिघांतला फक्त लेक ट्राउट इथला मूळ रहिवासी. उरलेले दोघे पॅसिफिक महासागराचे. त्यांना इथे आणलं गेलं ते माणसाने नासवलेलं सरोवर निस्तरण्यासाठी, आणि त्यातून जमलं तर पैसा उभा करण्यासाठी.

सरोवर म्हटलं तरी हे पाणी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. आपला अख्खा कोकण विभाग त्यात जवळजवळ दोनदा मावेल. खोली २८१ मीटरपर्यंत जाते. या थंडगार खोलीत हजारो वर्षं लेक ट्राउटचं राज्य होतं. एकमेकांना जोडलेल्या पाच महासरोवरांच्या या साखळीत अटलांटिकमधून वर येणाऱ्या जिवांना नायगाराचा सुमारे ५० मीटरांचा धबधबा आडवा येई. त्याला वळसा घालून जहाजं नेण्यासाठी कॅनडाने १८२९ मध्ये वेलंड कालवा खुला केला, पुढे तो रुंद आणि खोल करत नेला. जहाजांना जी वाट मिळाली तीच लॅम्प्रेलाही मिळाली.

लॅम्प्रे दिसायला वामेसारखा लांबट, पण त्याला जबडाच नसतो. तोंडाच्या जागी दातांची गोल चकती असते. ती माशाच्या अंगाला चिकटवायची, खरवडून भोक पाडायचं आणि रक्त पीत राहायचं. परजीवी अवस्थेच्या वर्ष-दीड वर्षात एक लॅम्प्रे १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात सापडला, १९३६ मध्ये मिशिगनमध्ये. माणसांची मासेमारीही तेव्हा बेसुमार चालू होती, त्यामुळे सगळा दोष एकट्या लॅम्प्रेवर टाकणं बरोबर नाही. पण शेवटचा घाव त्याचाच. वरच्या तीन सरोवरांतून (सुपिरिअर, मिशिगन, ह्युरॉन) वर्षाला सुमारे ६८ लाख किलो लेक ट्राउट निघायचा, तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दीड लाख किलोच्याही खाली आला. मिशिगन सरोवरातून तर तो १९५० च्या दशकातच संपला.

उपाय निघाला तो चिकाटीतून. ह्युरॉन सरोवराकाठच्या हॅमंड बे केंद्रात व्हर्नन ॲपलगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रसायनं एकेक करून तपासली. लॅम्प्रेची पिल्लं नदीच्या गाळात काही वर्षं काढतात. तिथेच त्यांना मारेल आणि बाकीच्या माशांना फारसा धक्का लावणार नाही असं टीएफएम नावाचं द्रव्य त्यांना सापडलं. १९५८ पासून ते नद्यांत सोडलं जाऊ लागलं.

तोवर रिकाम्या घरात दुसरा पाहुणा शिरला होता. एलवाइफ हा हेरिंगच्या गोतातला वीतभर चंदेरी मासा, आपल्या तारलीचा लांबचा नातलग. मिशिगनमध्ये तो १९४९ मध्ये दिसला. खाणारा कुणी उरला नव्हता, मग तो बेफाम वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात हे मासे इतके मेले की शिकागोच्या चौपाट्यांवर त्यांचे ढीग साचले आणि ते उचलायला यंत्रं लावावी लागली. वासाने पर्यटक पळाले.

हॉवर्ड टॅनर १९६४ मध्ये मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख झाले. वरिष्ठांची अपेक्षा एवढीच होती की काहीतरी करा, आणि जमलं तर डोळे दिपतील असं करा. टॅनर यांना एलवाइफ ही डोकेदुखी वाटली नाही, फुकटचं खाद्य वाटलं. ते खाणारा, आणि लोकांना पकडायला आवडेल असा मासा हवा होता. नेमकं त्याच सुमारास पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओरेगन राज्याच्या पैदास केंद्रांत नव्या पद्धतीच्या ओलसर गोळीखाद्यामुळे कोहोची पिल्लं चांगली जगू लागली होती आणि अंडी शिल्लक पडत होती. टॅनर यांनी दहा लाख अंडी मागून आणली. सामन इथे सोडून बघण्याचे प्रयोग १८७० च्या दशकापासून झाले होते आणि फसले होते, हे त्यांना माहीत होतं. फरक इतकाच की तेव्हा पाण्यात एलवाइफ नव्हता.

२ एप्रिल १९६६ रोजी प्लॅट नदीत पहिली पिल्लं सोडली. पुढच्या वर्षी चिनूकही सोडला. आज असा बेत कुणी मांडला तर पर्यावरण परिणामांच्या अहवालांतच दहा वर्षं जातील. परका मासा आवरायला तिसरा परका मासा आणायचा, हे ऐकायलाच धडकी भरवणारं आहे. पण १९६७ च्या शरदात ते कोहो नदीकडे परतले तेव्हा चार-पाच किलोंचे झाले होते. लोक अक्षरशः वेडे झाले. आतल्या लहान तळ्यांवर फिरवायच्या चिमुकल्या होड्या घेऊन हजारो माणसं प्लॅट उपसागरावर तुटून पडली. २३ सप्टेंबरला वादळ आलं आणि सात जण बुडाले. पुढे इथे मोठ्या, दणकट होड्यांचा जम बसला तो या धड्यानंतर.

होडीबरोबर सामानही बदललं. शरदात मासा किनाऱ्याजवळ गोळा होतो, तेव्हा साधा गळही चालतो. उन्हाळ्याचं तसं नाही. वर कोमट पाण्याचा थर, खाली थंड पाणी, आणि चिनूकला हवं साधारण १० ते १२ अंशांचं पाणी. ते कधी १५ मीटरवर सापडतं, कधी ४० मीटरवर; वारा फिरला की एका रात्रीत जागा बदलतं. तिथे आमिष पोचवायचं ते डाउनरिगरने. होडीच्या कडेला एक फिरकी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला पाचेक किलोचा शिशाचा गोळा. गळाच्या तंगुसाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून खाली सोडतात. रॉड ताणामुळे धनुष्यासारखा वाकलेला असतो. मासा लागला की चिमटा सुटतो, रॉड एकदम सरळ उसळतो आणि मग मासा आणि माणूस यांच्यात फक्त तंगूस उरतो, वजन नाही. अंधारात चमकणारा रंग लावलेले धातूचे चमचे पहाटे वापरतात. पाण्यात टाकण्याआधी त्यांच्यावर बॅटरीचा झोत मारून ते ‘भरून’ घ्यावे लागतात. वसंतात मासा उथळ पाण्यात असतो आणि होडीला बिचकतो, तेव्हा लाकडी फळ्या दोऱ्यांना बाजूला ओढून नेतात.

या झगमगाटात एक बाजू झाकली जाते. टॅनर यांचं धोरण उघडपणे हौशी मासेमारांच्या बाजूचं होतं. जाळ्यांवर पोट असलेल्या कोळ्यांवर राज्याने निर्बंध आणत नेले. ओडावा आणि ओजिब्वे या मूळ अमेरिकन जमातींच्या लोकांनी मात्र १८३६ च्या तहाकडे बोट दाखवलं. त्या तहात त्यांनी जमीन दिली होती, मासेमारीचा हक्क दिला नव्हता. १९७९ मध्ये न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर बंदरांवर बरीच कटुता पसरली. कुणी कुठल्या पाण्यात किती मासेमारी करायची याचे करार १९८५ आणि २००० मध्ये करावे लागले. सामनचं यश सांगताना हा भाग गाळणं मला अप्रामाणिक वाटतं.

पहिला तडा गेला तो १९८८ च्या सुमारास. मूत्रपिंडाच्या जिवाणूजन्य रोगाने चिनूक मरू लागले. पण खरा पाया हलवला शिंपल्यांनी. जहाजांच्या तळातल्या पाण्यातून झेब्रा आणि नंतर क्वागा शिंपले आले. क्वागा १९९७ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे खोल तळ व्यापत गेला. हे शिंपले पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव फस्त करतात, म्हणजे एलवाइफच्या ताटातलंच खातात. पाणी काचेसारखं नितळ झालं. पर्यटकांना ते सुंदर वाटतं, पण ते उपाशी पाणी आहे. नितळ पाण्यात मासा होडी लांबूनच ओळखतो, म्हणून कप्तान आता तांब्याच्या तारेच्या लांबच लांब दोऱ्या मागे सोडतात.

शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ मध्ये एलवाइफ कोसळला आणि त्याच्यामागोमाग चिनूकही. तिथल्या बंदरांचा धंदा बसला. पण त्याच पाण्यात लेक ट्राउटची नैसर्गिक पिल्लं दिसू लागली. एलवाइफच्या अंगात थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. तो खाणाऱ्या ट्राउट माद्यांच्या अंड्यांत थायमिन कमी पडायचं आणि पिल्लं फुटली की मरायची. म्हणजे सामनसाठी वरदान असलेला मासा ट्राउटची पुढची पिढीच खुडत होता.

मिशिगनचं ह्युरॉन होऊ नये म्हणून तिथली राज्यं १९९९ पासून टप्प्याटप्प्याने चिनूक सोडणं कमी करत गेली; २०१३ ची कपात तर निम्म्यावर आणणारी होती. नद्यांत आपोआप वाढणारे चिनूक भरपूर आहेत, त्यामुळे सगळं गणित सरकारच्या हातातही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लडिंग्टनजवळ ट्रोलिंग करताना ४७.८६ पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोंचा चिनूक मिळाला आणि राज्याचा १९७८ पासूनचा विक्रम मोडला. तेव्हा कपात योग्यच होती असं एक बाजू म्हणाली, आणि आता पिल्लं वाढवा असं दुसरी. एलवाइफ किती उरलेत याची मोजदाद दरवर्षी होते आणि पुढचा आकडा त्यावर ठरतो. लॅम्प्रेसाठी नद्यांत रसायन सोडणंही आजतागायत थांबलेलं नाही. करोनाच्या काळात ते काम कमी झालं आणि लॅम्प्रेची संख्या लगेच वर गेली.