स्टुडिओ-मैफलीची दाद

समोर श्रोते नसताना, रेडिओ केंद्राच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कलावंताने एका दमात सादर केलेल्या गाण्याला दूरवरच्या, बहुधा उशिरा पोहोचलेल्या चाहत्यांनी दिलेली पसंतीची पावती. कलावंत चारचौघांसारखा नसेल, इंडी पॉप (बड्या कंपन्यांबाहेर, स्वतंत्रपणे केलेले पॉप संगीत) गाणारा एखादा विक्षिप्त अवलिया असेल, तर या दादीला वेगळाच रंग चढतो. सांगली-मिरजेकडे अशा माणसाला सरळ ‘खुळा’ म्हणतात आणि त्याच्या गाण्यामागे लागलेल्यांना ‘नादखुळे’. नाद म्हणजे छंद आणि नाद म्हणजे ध्वनीही. या विषयाला याहून नेमका शब्द सापडणे अवघड.

‘दाद’ हा शब्द मूळचा फार्सी, अर्थ न्याय. म्हणूनच मराठीत कचेरीत दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. विक्षिप्त कलावंताचा चाहता ही दोन्ही कामे एकदम करतो. तो स्वतः दाद देतोच, शिवाय इतरांपुढे कलावंताची फिर्यादही मांडतो : ‘त्याला खुळ्यात काढू नका, दोन मिनिटं ऐका तरी.’ प्रस्थापित गायकाच्या चाहत्यावर ही वेळ येत नाही.

मैफलीतली दाद ही गाण्याचाच भाग असते. समेवर मान हलते, कोणी ‘क्या बात है’ म्हणतो, गायक त्याच्याकडे पाहून तीच जागा पुन्हा वेगळ्या अंगाने घेतो. स्टुडिओत हे सगळे तुटते. भिंतींना ध्वनी शोषणारे अस्तर, दारावर लाल दिवा, काचेपलीकडे तंत्रज्ञ. खोकलासुद्धा गिळायचा. अशा ठिकाणी काही कलावंत आखडतात. काही मात्र जग विसरून गातात, आणि अवलिये बहुतेक या दुसऱ्या गटातले. चाहते जिवाला लावून घेतात ते हेच विसरणे.

या प्रकाराचा पाया घातला तो कलेच्या ओढीने कमी आणि एका कराराने जास्त. ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे बीबीसीला दिवसाकाठी ठरावीक तासच ध्वनिमुद्रिका वाजवता येत. उरलेला वेळ भरायला कलावंतांना स्टुडिओत बोलावून ताजे गाणे मुद्रित करावे लागे. यातूनच जॉन पील या निवेदकाची सत्रे १९६७ पासून सुरू झाली आणि २००४ मध्ये त्याच्या निधनापर्यंत चालली. साधारणपणे एका दिवसात चार गाणी उरकायची असत. घासूनपुसून घ्यायला सवड नाही, त्यामुळे गाण्याची धार शाबूत राहिली. पुढे अमेरिकेत सिएटलच्या केईएक्सपी या रेडिओ केंद्राने हीच रीत चित्रफितीवर आणली. वॉशिंग्टनच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओ संस्थेतली ‘टायनी डेस्क’ मालिका २००८ मध्ये निघाली तीही एका तक्रारीतून : ऑस्टिनच्या महोत्सवात गर्दीच्या गोंगाटात एका गायिकेचे गाणे दोघा पत्रकारांना ऐकूच येईना, तेव्हा ‘ऑफिसात येऊन टेबलाजवळच गा’ असे थट्टेत म्हटले गेले. तिथे गळ्याला ध्वनिवर्धक मिळत नाही, श्रोते म्हणून असतात ते कचेरीतले कर्मचारी.

विक्षिप्त इंडी गायकाच्या स्टुडिओ-मैफलीचे ठळक उदाहरण डॅनियल जॉन्स्टन (१९६१–२०१९) याचे. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी तो ऑस्टिनमध्ये लोकांच्या हातात देत फिरे. आवाज बारीक, पोरसवदा, सुरांत कापरा. १९९० मध्ये न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू केंद्रावर त्याचे गाणे झाले तेव्हा यो ला टेंगो हा वाद्यवृंद स्टुडिओत होता आणि गायक दूर, फोनवर. फोनच्या तारेतून आवाजाची साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी पार होते. खर्ज गळतो, वरची झिलई गळते, उरतो तो नाकातला, खरखरीत गाभा. वादक तो गाभा ऐकून मागे मागे वाजवत राहतात. तंत्राच्या हिशेबात हे सगळे सदोष. चाहत्यांनी मात्र नेमके हेच उचलून धरले, इतके की ते रेडिओवरचे मुद्रण पुढे रीतसर प्रकाशित झाले. १९९२ मध्ये निर्वाणा या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने जॉन्स्टनच्या कॅसेटवरील बेडकाचे चित्र असलेला टीशर्ट घातला आणि दाद मागण्याचे काम एका छायाचित्राने केले.

सांगली-मिरजेच्या परिसराला अशा दादीची ओळख नवी नाही. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ (निधन १९२२) हे हद्दू खाँ यांचे पुत्र. अलौकिक गळा, अफूचे व्यसन, आणि मनाचा तोल सुटलेला. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे, ग्रेट इंडियन सर्कसचे संस्थापक, स्वतः हद्दू खाँकडे गाणे शिकलेले. त्यांनी या भरकटलेल्या गुरुपुत्राला सांभाळले, सोबत फिरवले, मैफली घडवल्या. सर्कशीतल्या माणसाने गवयाला जपावे यात सांगलीकरांना नवल वाटत नाही. सर्कस आणि गाणे ही दोन्ही इथली पिके. विष्णुपंतांच्या मागेही छत्रे घराण्याने रहिमत खाँना जवळच्या कुरुंदवाडला अखेरपर्यंत ठेवून घेतले. उतारवयात, १९२० च्या सुमारास, त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. समोर श्रोता नाही, फक्त आवाज टिपणारा कर्णा, आणि तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. म्हाताऱ्या, थकलेल्या गळ्यातून मध्येच सुटलेला एखादा सूर ऐकण्यासाठी शंभर वर्षांनीही लोक त्या खरखरीतून कान लावून बसतात. मिरजेत वास्तव्य केलेल्या अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायकीवर रहिमत खाँचा ठसा होता. म्हणजे समकालीनाची दाद तर गळ्यातूनच आली.

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ चे. तिथल्या गाण्याची दाद पोस्टकार्डाने जाई आणि पत्रोत्तराच्या कार्यक्रमात परत ऐकू येई. गाणे आणि वाहवा यांत आठवडे लोटत. आकाशवाणीने निमंत्रितांसमोरच्या मैफलीही केल्या, पण तिथली टाळी जरा इस्त्रीची असते.

आजची रीत निराळी. सांगलीतल्या विश्रामबागच्या एखाद्या खोलीत चौघे जण एका फोनभोवती डोकी जुळवून स्टुडिओतली चित्रफीत पाहत बसतात. पडद्यावरच्या गायकाने अंगात आजीच्या लोकरीच्या जाकिटासारखे काहीतरी घातलेले असते, एक मोजा हिरवा. पहिल्या कडव्यात तो शब्द विसरतो, स्वतःशीच हसतो, आणि विसरलेल्या ओळीच्या जागी शीळ घालतो. ढोलवाला क्षणभर दचकून वर पाहतो व कांडी हलकी करतो. ‘थांब, थांब, परत लाव.’ दहा सेकंद मागे. पुन्हा ती शीळ, पुन्हा ते वर पाहणे. तिसऱ्या वेळी कोणीतरी पुटपुटतो, ‘विषय हार्ड’. हीच इथली ‘क्या बात है’. मैफलीतला गायक जागा पुन्हा घेतो, इथे श्रोताच ती पुन्हा घेतो.

मिरजेचा कान यात आणखी एक भर घालतो. सतारमेकर गल्लीत पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून सतार-तंबोरे घडतात. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घडीव तंबोऱ्याचे शेवटचे काम म्हणजे जवारी : घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसेने अशा बेताने घासायचा की तार त्याला किंचित चाटत थरथरेल. नवख्याला ती झणझण म्हणजे बिघाड वाटतो. जाणता श्रोता गळ्यातही ती शोधतो आणि ‘जवारीदार आवाज’ अशी तारीफ करतो. कापऱ्या इंडी आवाजाला हे विशेषण लावणे शुद्ध शास्त्राला मान्य होणार नाही. ‘हा आवाज असाच घासलेला आहे, बिघडलेला नाही’ हे मात्र त्यातून चटकन कळते.

या दादीवर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. दाद गाण्याला आहे की खुळेपणाला? जॉन्स्टनचा मानसिक आजार दीर्घ आणि खराखुरा होता, रहिमत खाँची अवस्थाही गंमतीची नव्हती. आजारालाच प्रतिभा समजून टाळ्या पिटणारे चाहते दोन्हीकडे भेटतात. त्यांची दाद तमाशाच्या जवळ जाते. ओळखायची एक साधी खूण आहे. चाहता गायकाच्या कपड्यांविषयी आणि चाळ्यांविषयीच बोलत राहिला तर तो प्रेक्षक. कोणत्या मात्रेला शीळ आली हे तो सांगू लागला तर श्रोता. बहुतेक जण अर्थात थोडे थोडे दोन्ही असतात.

स्टुडिओ-मैफलीत सर्वांत जपली जाणारी जागा गाणे संपल्यानंतरची. शेवटचा सूर विरेपर्यंत कोणी हलायचे नाही असा दंडक असतो. चार-पाच सेकंद सगळे आपापल्या पवित्र्यात गोठलेले. मग खुर्ची करकरते, कोणी श्वास सोडतो, गायक काचेकडे पाहून ‘झालं ना?’ अशी नजर टाकतो. नादखुळ्यांच्या लेखी ते सेकंद गाण्यातच मोडतात. ते कापून क्लिप पुढे पाठवणाऱ्याला मिरजेत हमखास विचारले जाते, ‘अरं, शेवट कुठं ठेवलास?’